एकच पान उलटून दाखव

गोव्यात राहून पत्त्यांची जादू शिकायची असेल तर निदान जूनमध्ये तरी सुरुवात करू नका. इथे जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतली काडी घासून घासून बोडकी होते पण पेटत नाही, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, आणि पत्ते म्हणजे शेवटी कागदच. चांगल्या कॅटमधलं पान कागदाचे दोन थर एकमेकांना चिकटवून केलेलं असतं, मध्ये काळपट गोंद असतो, का तर उजेडासमोर धरलं तरी पलीकडचं चित्र दिसू नये. आणि वरून ते आपल्याला गुळगुळीत वाटतं पण नसतं, त्यावर अगदी बारीक बारीक खळगे उठवलेले असतात, त्यात हवा राहते म्हणून एक पान दुसऱ्यावरून सुळकन सरकतं. जुलैत फोंड्याला हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या घरात गेला की हे सगळं संपलं. पानं पाणी पितात, फुगतात, टोकांना वाकतात, आणि दोन उचलायला जावं तर तीन हातात येतात.

माझं औषधांचं दुकान आहे म्हणून निभावलं. गोळ्यांच्या डब्यांत सिलिका जेलच्या त्या छोट्या पुड्या येतात ना, ज्यावर खाऊ नका असं लिहिलेलं असतं, त्या एरवी कचऱ्यात जायच्या, त्या मी एका घट्ट झाकणाच्या डब्यात जमवल्या आणि पत्ते त्यात ठेवायला लागलो. रात्री काढायचे, तासभर हात चालवायचा, परत डब्यात. प्लॅस्टिकचे पत्ते का नाही घेतलेस असं सगळेच विचारतात. प्लॅस्टिकचे पत्ते चवथीला, म्हणजे गणपतीत रात्री खेळायला, बरे, भिजले तर पुसले, वर्षानुवर्षं टिकतात, पण नवे असताना हातात थांबत नाहीत आणि जुने झाले की एकमेकांना सोडत नाहीत. शिकायला कागदाचेच हवेत. शिवाय आपल्याकडे घरी मिळतात ते बहुतेक अरुंद कॅट असतात, सव्वादोन इंच रुंद, आणि जादूवाले वापरतात ते अडीच इंची. पाव इंचाचा फरक तो काय असं आधी वाटतं, पण पान तळहातात झाकायची वेळ आली की त्या पाव इंचाची किंमत कळते.

मी शिकत होतो ती गोष्ट म्हणजे डबल लिफ्ट. यात गुपित वगैरे फोडतोय असं समजू नका, जादूच्या कुठल्याही नवशिक्या कोर्समध्ये पहिल्या काही धड्यांतच ही असते, आणि गंमत अशी की ती कळून काहीच हाताला लागत नाही. गोष्ट एवढीच आहे. तुम्हाला वाटतं मी कॅटवरचं सगळ्यात वरचं पान उलटून दाखवलं. मी उलटलेली असतात दोन, एकाला एक चिकटून, म्हणजे तुम्ही बघताय ते वरून दुसरं पान. समजा ती बदामची राणी आहे. मी दोन्ही परत पालथी घालतो, वरचं एक पान काढतो आणि मधेच कुठेतरी खुपसतो. तुमच्या हिशोबाने राणी मध्ये गेली. चुटकी वाजवतो, वरचं पान उलटतो, राणी वर. झालं.

सांगायला तीन वाक्यं लागली. करायला बोटं लागतात, आणि बोटं काही सांगितलेलं ऐकत नाहीत. कॅट डाव्या हातात, अंगठा वरच्या अंगाला, तर्जनी पुढच्या कडेला, बाकीची तीन बोटं उजव्या कडेवर. उजवा हात पानं सारखी करतोय असं दाखवत वरून येतो, त्याच्या अंगठ्याने मागच्या बाजूने वरची दोनच पानं केसभर वर उचलायची आणि त्या फटीत डाव्या करंगळीच्या पेराचं जरासं मांस अडकवायचं. जरासं म्हणजे खरंच जरासं, एका पानाची जाडी साधारण पाव ते तीन दशांश मिलिमीटर असते, त्या हिशोबाने. फट समोरून दिसता कामा नये. मग दोन्ही पानं उजव्या कोपऱ्यात चिमटीत धरून पुस्तकाचं पान उलटावं तशी डावीकडे उलटायची, आणि ती उलटताना त्यांना किंचितसा बाक द्यायचा, बाक दिला की दोन्ही एकमेकांना धरून राहतात, नाही दिला तर खालचं पान अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावतं आणि समोरचा पोरगा ओरडतो, दोन आहेत दोन आहेत.

या हालचालीचं जादूगारांच्या जगात मोठंच नाव आहे ते डाय व्हर्नन या माणसामुळे. कॅनडातल्या ओटावाचा, १८९४ सालचा जन्म. त्या काळी हुदिनी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचा की एखादी जादू मला तीनदा दाखवा, कशी केली ते मी सांगतो. १९२२ साली शिकागोत व्हर्ननने त्याला पत्त्यांची ही जादू दाखवली, हुदिनीने स्वतः सही केलेलं पान, ते मध्ये जायचं आणि परत वर यायचं. तीनदा नाही, सात-आठ वेळा दाखवली असं सांगतात, आणि हुदिनीला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्यानंतर व्हर्नन सत्तर वर्षं जगला आणि तेवढी वर्षं हुदिनीला फसवणारा माणूस म्हणूनच ओळखला गेला. मला या गोष्टीतला हुदिनी जास्त आवडतो खरं तर. साखळदंड, पेटाऱ्या, पाण्याच्या टाक्या यातून सुटणारा माणूस, आणि अडकला कुठे तर हातभर अंतरावर, टेबलावर.

तर मी रात्री आरशासमोर बसायचो. आरसा काही दिवसांनी खोटं बोलायला लागतो, कारण आपण आरशात बघतो तेव्हा आपण आपल्याला हवं तिथेच बघतो. म्हणून मग मोबाइल उभा करून शूटिंग. मोबाइलने पहिल्याच रात्री दाखवलं की जी चोरटी हालचाल आहे नेमकी त्या क्षणी माझे डोळे मिटतात. दर वेळी. पापणी अशी लवते की जणू काही मलाच ते बघायचं नाहीये. नंतर वाचनात आलं की हे जवळपास सगळ्यांचं होतं, अगदी वर्षानुवर्षं जादू करणाऱ्यांचंही. त्याच्यावर तेव्हा मला एकच उपाय सापडला, त्या क्षणी काहीतरी बोलायचं. प्रश्न विचारायचा, समोरच्याकडे बघून, उत्तर हवं असल्यासारखा. तोंड चालू असलं की पापणी विसरते, का ते विचारू नका.

हातही हळूहळू बसत गेला. पानं सारखी उलटायला लागली, कडा जुळायला लागल्या, मीच माझ्यावर खूश. आणि त्याच सुमारास माझा मावसभाऊ घरी आला.

हा मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर डीलर आहे. गोव्याच्या लोकांना त्या बोटींवर खेळायला बंदी आहे, नोकरीला नाही, त्यामुळे आमच्या घराण्यातला कॅसिनो आतून बघितलेला हा एकटाच. अंदर बाहर, तीन पत्ती, ब्लॅकजॅक, सगळ्या टेबलांवर उभा राहिलाय. आल्याबरोबर कॅट हातात घेतला आणि सवयीने टेबलभर पालथा पसरून दोन्ही हातांनी गोल गोल घोळला, ह्याला ते धुणं म्हणतात म्हणे, मग दोनदा फर्र करून पिसला, मधे थर काढले, परत पिसला, कापला. दर वेळी तोच क्रम. मी म्हटलं घरी आहेस, कशाला एवढं. तर म्हणाला, "दादा, वेगळं करायला गेलो तर हात अडखळतो."

मी त्याला माझी डबल लिफ्ट दाखवली. त्याने शांतपणे बघितली, छान आहे म्हणाला, आणि मग म्हणाला, "आता खरंच एकच पान उलटून दाखव."

मी उलटून दाखवलं. डाव्या अंगठ्याने वरचं पान थोडं उजवीकडे ढकललं, दोन बोटांत पकडलं, मनगट फिरवून सरळ केलं. झटकन. न बघता. आपण सगळेच उलटतो तसं.

तो हसला फक्त. मग मलाही दिसलं. एक पान उलटणारा मी आणि दोन पानं उलटणारा मी ही दोन वेगळी माणसं होती. एक पान मी उजवीकडून उचलत होतो, दोन कोपऱ्यातून. एकाच्या वेळी माझे खांदे सैल, दोनच्या वेळी मी देव्हाऱ्यातला दिवा उचलतोय असा. समोरच्याला दोन पानं दिसायची गरजच नाही, त्याला एवढंच दिसलं की बस, की ह्या वेळी ह्याने काहीतरी वेगळं केलं.

मावसभावाने मग मला त्यांचं ट्रेनिंग सांगितलं आणि मला वाटतं त्या तासाभरात मी जे शिकलो ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. डीलर टेबल सोडताना दोन्ही हात हलकेच एकमेकांवर आपटतो आणि तळवे उलटसुलट करून दाखवतो, की हातात चिप नाही, पान नाही. नाक खाजवायचं असेल तरी आधी हात झाडून दाखवायचे, नंतर परत झाडायचे. कोणाला दाखवायचे? वर छतात कॅमेरे असतात त्यांना. आणि कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस चोरी शोधत नसतो, तो म्हणाला, तो बदल शोधत असतो. शंभर वेळा पान जसं दिलं तसंच एकशे एकाव्या वेळी दिलं तर कोणी बघत नाही. जरा वेगळं दिलं, जरा हळू दिलं, कोपर जरा आत घेतलं, की लगेच तेवढं शूटिंग मागे घेऊन बघतात. म्हणून त्यांना सगळ्यात आधी सरळ काम एकसारखं करायला शिकवतात. जादूगाराला आणि डीलरला एकच गोष्ट शिकायची असते आणि दोघांची कारणं एकदम उलटी, हे मला फार आवडलं.

आता यात दोन मतं आहेत. जुन्याजाणत्या लोकांचं म्हणणं की तू एक पान जसं उलटतोस तसंच दोन उलटायला शीक, म्हणजे तुझ्या नैसर्गिक सवयीत ती चोरी बसव. ऐकायला सुंदर आहे. पण माझी एक पान उलटायची सवय इतकी ढिसाळ होती की तिच्यात दोन पानं बसवायची तर ती पंख्याच्या वाऱ्यातच सुटी झाली असती. दुसरं मत असं की उलट करा, दोन पानं जशी उलटता येतात तशीच इथून पुढे आयुष्यभर प्रत्येक पान उलटा. म्हणजे खोट्याला खऱ्यासारखं करण्यापेक्षा खऱ्यालाच खोट्याचं वळण लावा. मी हे दुसरं धरलं. रमी खेळताना, पोरांबरोबर झब्बू खेळताना, एकट्याने पेशन्स लावताना, जे पान उलटायचं ते कोपऱ्यात चिमटी धरून, पुस्तकासारखं, त्याच वेगाने. सुरुवातीला घरच्यांना वाटलं हाताला काहीतरी लागलंय. नंतर कोणाच्या लक्षात येईना, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझ्या लक्षात येईना.

वेगाबद्दलही माझ्या डोक्यात भलतंच होतं. हातचलाखी म्हणजे चपळाई, नजरेपेक्षा हात वेगवान, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते खरं नाही. नजरेपेक्षा वेगवान हात कोणाचाच नसतो, आणि हात अचानक भरभर चालला की नजर उलट तिकडेच धावते. अर्जेंटिनात रेने लावां नावाचा जादूगार होऊन गेला, २०१५ साली वारला. नऊ वर्षांचा असताना अपघातात उजवा हात गेला. राहिलेल्या एका डाव्या हाताने त्याने आयुष्यभर पत्त्यांची जादू केली, आणि तीही मुद्दाम हळू, अजून हळू, करत करत शेवटी प्रेक्षकांना म्हणायचा की याहून हळू करता येत नाही. त्याचे जुने व्हिडिओ आहेत, भाषा कळली नाही तरी बघा. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा बराच वेळ पत्ते हातात धरायची इच्छाच झाली नाही, दोन धड हात घेऊन आपण काय रडतोय असं झालं.

मधे एकदा सावंतवाडीला जाणं झालं. बांद्यावरून पुढे, फोंड्याहून काही लांब नाही. तिथे राजवाड्यात गंजिफा रंगवतात, लाखेचं काम, पत्ते चक्क गोल. दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० पानांचा, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. लोक त्यातला मत्स्य बघत होते, कूर्म बघत होते, रंगकाम बघून वा वा करत होते, आणि माझं डोकं तिसरीकडेच, की ह्याच्यात डबल लिफ्ट कशी मारणार. कोपराच नाही. अंगठ्याने उचलायचं काय आणि करंगळी अडकवायची कुठे. पान जाड, वाकत नाही, म्हणजे बाकही देता येणार नाही. आमच्या आजोबांच्या आजोबांनी गंजिफा खेळून जमिनी घालवल्या असतील तर निदान लांडीलबाडीने नसतील घालवल्या, एवढं समाधान वाटलं.

चवथीला आम्ही सगळे सावईवेऱ्याच्या मूळ घरी असतो. माटोळी, घुमट, आरत्या, खतखतें, नेवऱ्या, आणि रात्री जेवणं आटोपली की ओसरीवर चटया पडतात आणि पत्ते निघतात. दहा-दहा पैशांपासून खेळायला शिकलेली आमची घराणी आहेत. त्या रात्री मात्र खेळ सुरू व्हायच्या आधी पोरांनी मला धरलं, की काका तुमची ती जादू दाखवा, कोणीतरी आधीच बातमी फोडलेली.

दाखवली. सगळ्यात लहान पुतणीने पान निवडलं, किलवर नव्वी, मी मध्ये खुपसलं, तिलाच फुंकर मारायला सांगितली, वर आलं. ओसरीवर जो कल्ला झाला तो सांगता येत नाही. परत, परत. मी परत केलं, जे कधी करू नये म्हणतात ते. माझी नजर पुतणीच्या तोंडाकडे, तोंडाने बडबड चालू, पापणी शाबूत, हात सैल. पोरं चारी बाजूंनी अंगावर आलेली, एकजण तर पाठीमागे उभा राहून बघत होता, त्यालाही नाही दिसलं. मोठ्यांचेही चेहरे बघण्यासारखे.

मोठी काकी खांबाला टेकून दुसऱ्या दिवसासाठी वाती वळत होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढे ढकलतेय. तिने एकदाही मान वर केली नव्हती. कल्ला जरा ओसरल्यावर वाती वळता वळताच म्हणाली, "दोन घेतलीं रे तुवें, पुता."

मी गप्प. पोरं म्हणाली काकीआजी तू बघितलंच नाहीस. ती म्हणाली बघितलं नाही, ऐकलं. एक पान पडतं ते टप्प करून पडतं, हे दोन्ही वेळेला धप्प करून पडलं.

बघा आता. महिनोन्‌महिने मी डोळ्यांचा बंदोबस्त करत बसलो होतो. नजर कुठे न्यायची, पापणी कशी सांभाळायची, हात किती हळू. हे सगळं जो बघतोय त्याच्यासाठी. जी बघतच नव्हती तिची नजर मी वळवणार कुठे? आणि कान तर कुठल्याच बाजूला वळवता येत नाहीत. साठ वर्षं दर चवथीला जिने पत्ते ऐकलेत तिला एक आणि दोनमधला फरक कळायला डोळे लागतच नाहीत. घरी येऊन मी दार लावून ऐकलं. काकीचं बरोबर आहे. एक पान कॅटवर पडतं तेव्हा हवा पटकन निसटते, आवाज कोरडा येतो. दोन पानांना वजन असतं, बाक दिलेला असतो तो सुटतो, आवाज जरा बोथट. पान सोडून द्यायचं नाही, शेवटपर्यंत बोटाने टेकवून ठेवायचं, मग आवाजच होत नाही, आणि अर्थातच मग प्रत्येक एकेकटं पानही तसंच टेकवायचं. म्हणजे परत पहिल्यापासून सगळ्या सवयी बदला. सध्या ते चाललंय. पावसाळ्यात पानं दमट असली की दोन्हीचा आवाज सारखाच बोथट येतो हा एक अनपेक्षित फायदा, सिलिका जेलच्या पुड्या काढून टाकाव्यात की काय असा विचार करतोय.

काकीने मात्र त्या रात्रीच निकाल लावला. रमीला बसलो तेव्हा मी सवयीने कॅटकडे हात नेला तर तिने तो उचलून सरळ धाकट्या काकाकडे दिला, की ह्याच्याकडे पानं वाटायला द्यायची नाहीत, पिसायलाही नाहीत. ते तेव्हापासून पक्कं झालंय. कापायला तेवढं देतात. कापलेला कॅट डोळ्यांदेखत जसाच्या तसा पूर्ववत करायची एक हालचाल असते, पास म्हणतात तिला, डबल लिफ्टपेक्षा दसपट अवघड, आणि मी हल्ली तीच शिकतोय हे घरात कोणाला माहीत नाही. मावसभावाला माहीत आहे, पण तो बोलत नाही. मात्र चवथीला मी शेजारी बसलो की तो कॅट स्वतःच कापून घेतो.